सादिरकुल आकेंच्या वायपरची दोरी

किरगिझस्तानातल्या आमच्या नारिनमध्ये वडीलधाऱ्या पुरुषाला आके, म्हणजे दादा म्हणतात, आणि सादिरकुल आके म्हणजे वीजवाले. बस आगारात तीस वर्षं त्यांनी बसगाड्यांच्या तारा जोडल्या, आणि घरच्या निळ्या व्होल्गा मोटारीचे वायपर मात्र हातानं ओढायचे! शेजारी म्हणून मी ही गोष्ट गावभर चवीचवीनं सांगितली आहे.

लेकीच्या लग्नासाठी त्यांनी गाडी स्वतः रंगवली. पहिल्याच पावसात वायपर हलेनात. "मोटर जळाली," आके म्हणाले. प्रत्यक्ष वीजवालाच म्हणतोय, तर तपासा असं सांगणार कोण? त्यांनी मोटरचा दांडा सोडवला, वायपरना दोरी बांधली आणि तिची दोन टोकं दोन्हीकडच्या तिकोनी काचांतून आत घेतली. एकदा हे ओढणार, एकदा शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी काकीश एजे, म्हणजे आमच्या काकीशताई.

"काकीश, ओढ!"

"ओढतेय! तुमचंच टोक झोपलंय!"

नऊ वर्षं हे चाललं. गाडी थांबली की आके वायपरच्या पट्ट्या काढून घरात आणत. एकदा चोरीला गेल्या होत्या, तेव्हापासूनची सवय. एजे दारातच त्या हातातून घेत, पुसत आणि चहाच्या वाट्यांशेजारी ठेवत.

मग एजे गेल्या. आके रडले नाहीत. मी विनोद केला की हसल्यासारखे ओठ हलवायचे, बस्स. त्यांना पुरलं दोलोन खिंडीपलीकडे, कोचकोरजवळ, आकेंच्या गावी. चाळीसाव्याला, म्हणजे चाळीसाव्या दिवसाच्या विधीला, तिथं दुपारच्या नमाजाआधी पोचायचं होतं. दोन दिवस उरले होते आणि खिंडीत गारठ्याचा पाऊस लागला होता.

"टॅक्सी करू या, आके."

"तिला भाड्याच्या गाडीतून नेलं. मी याच गाडीतून जाणार."

"मग दोरी मी ओढतो."

"तुझं तोंड चालतं, जुमादिल. हात नाही."

टोमणा नेहमीचा होता, पण नेहमीचा जोर नव्हता त्यात. त्यांनी अंगणात बॉनेट उघडलं. फ्यूज पाहिला, ठीक. बटण दाबून मोटरच्या तारेला तपासणीचा दिवा लावला, पेटला. मोटर काढून जमिनीवर ठेवली आणि बॅटरीच्या दोन तारा लावल्या. गुर्र करून फिरली.

"अहो, ही तर जिवंत आहे!" मी ओरडलो.

आकेंनी मोटर परत बसवली. बटण दाबलं. गप्प. पुन्हा काढली, फिरली. पुन्हा बसवली, गप्प. तिसऱ्या वेळी ते मोटर बसते त्या जागेकडे बघत राहिले. मग नखानं खरवडलं. निळा रंग निघाला. मोटरमधली वीज गाडीच्या पत्र्यातूनच परत जाते, आणि त्यांनी बोल्टखालचा पत्राही रंगवून टाकला होता; रंगातून वीज जाणार कशी? त्यांनी पॉलिश कागदानं लोखंड चमकेपर्यंत घासलं, मोटर कसली, दांडा जोडला. वायपर डावीकडे गेले. उजवीकडे आले.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. असं माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

चाळीसाव्याला मी शेजारी बसलो. दोलोनवर बर्फमिश्रित पाऊस काचेवर आपटत होता. वायपर चालत होते. आके समोर बघत होते. वरच्या वळणावर ते म्हणाले, "ओढ." मी हात उचलला, पण दोरी तर अंगणातच सोडली होती. त्यांनी वळून पाहिलं नाही.

नमाजाआधी पोचलो. दारातच आकेंची भावजय म्हणाली, "या पावसात आलात? दोरी कोणी ओढली, आके?"

आकेंची लाज राखायला माझ्याकडे उत्तर तयार होतं: नवी मोटर बसवली. आके मध्येच बोलले.

"मोटर चांगली होती. नऊ वर्षं चांगलीच होती. मीच तिच्याखाली रंग मारला होता."

भावजयीला काही कळलं नाही. आत बोरसोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळण्याचा वास सुटला होता, मुल्ला येऊन बसले होते. आके पुन्हा बाहेर गेले, पट्ट्या काढल्या आणि ओल्या पट्ट्या हातात धरून उंबऱ्यात उभे राहिले. सगळे त्यांना आत या म्हणत होते. ते हात पुढे करून उभेच होते.

शेवटी मी त्या घेतल्या. शर्टाला पुसल्या. ठेवायच्या कुठे ते मलाही माहीत नव्हतं.