घाण्यातलं नाव

घाण्याची काकू लग्नघरात शिरली की आधी पाणी मागायची नाही, नावं मागायची. "पोरीचा मामा कोन? थोरल्या भावाचं नाव काय? आन् तेची बायकू?" हळदीच्या दिवशी बायका उखळात मुसळानं हळकुंडं कांडतात, तो घाणा. त्या वेळच्या गाण्यात घरातल्या सगळ्यांची नावं गुंफायची असतात. आमच्या नेकनूरकडच्या गावांत ते काम काकूचं. एखादी आत्या सुटली तर ती वर्षभर तोंड फुगवून बसायची. पण काकूच्या गाण्यातून कुणी सुटायचंच नाही.

मी बीडला गाण्याच्या क्लासला जायला लागले तेव्हा तिच्याही मागे लागले, मला घाणा शिकव म्हणून. मोठ्या ऐटीत सूर धरला, तर म्हणाली, "सूर लई ग्वाड हाय माय. पर कुनाच्या घरी म्हनतीस? रिकाम्या घराला कसला घाना?" मग मी आमच्याच घरची नावं घेतली. तिनं डोळे मिटून ऐकलं. "सुदाम्या ऱ्हायला की. त्यो तुजा भाऊ न्हाई व्हय?" सुदाम तिचा एकुलता एक मुलगा. घराला घर लागून, आम्ही एका ताटात जेवलेलो.

तो सुदाम ऊसतोडीला गेला आणि ट्रॅक्टर उलटून तिकडंच संपला. काय बोलावं! त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात काकूनं भावांच्या नावांत सुदामचं नाव घेतलं. मुसळं थांबली. गेलेल्या माणसाचं नाव हळदीत घेत नाहीत. माझ्या आईनंच तिचा हात दाबला. "चुकून आलं माय," काकू म्हणाली. पण पुढच्या लग्नातही ते आलंच. बायका कुजबुजल्या, अपशकुन नको म्हणाल्या, आणि तिला बोलावणं बंद झालं. घाण्याला स्पीकरवरची गाणी लागायला लागली.

माझ्या हळदीलाही आईनं तिला बोलावलं नाही. मी रडले, भांडले, आई ऐकेना. सासरी निघताना मी काकूच्या पाया पडले, तर ती कानाशी लागून म्हणाली, "तुजा घाना मी घरात बसून म्हनलाय. सुदाम्याला घेतलं त्यात. रागवू नगंस." अगं बाई, मी कशाला रागावते!

गेल्या उन्हाळ्यात काकू गेली. आता मी कार्यक्रमांत गाते, पोरी शिकायला येतात. त्यांनाही मी आधी घरात कोण कोण आहे तेच विचारते. परवा माहेरी भावाच्या पोरीची हळद होती. मी स्पीकर बंद करायला लावला आणि घाणा धरला. चुलत्यांची नावं आली तेव्हा सुदामचं घेतलं. त्याच्या पाठोपाठ काकूचं घेतलं.

मुसळं थांबली. कुणी कुणाकडं बघेना. मी सूर सोडला नाही, तीच ओळ पुन्हा म्हटली. आईनं पदरानं डोळे पुसले, आणि सगळ्यांच्या आधी तिनंच मुसळ उचललं.