अक्काच्या हातून

पासष्टची लढाई सुरू होण्यापूर्वी आमचं युनिट बंगळूरला होतं. मी शंकर, सिग्नल्सचा हवालदार, गाव बेळगावकडचं. लान्स नाईक सुधाकर माझ्या लाइन पार्टीत. टेलिफोनची केबल टाकायची, तुटली की जोडायची, हे आमचं काम. सुधाकरचं घर चामराजपेटेत होतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. रविवारी आउटपास मिळाला की तो मला घरी जेवायला न्यायचा.

घरात थोरला भाऊ, त्याला सगळे अण्णा म्हणत. त्याचं पुढच्या खोलीत शिवणकामाचं दुकान. मधली बहीण म्हणजे अक्का. नवरा लवकर गेला, तेव्हापासून माहेरी. आई वारल्यावर सुधाकरला तिनेच वाढवलं. पोरगा तिचा फार लाडका. तिखट जास्त झालं म्हणून ताटावरून उठायचा, आणि ती त्याला पुन्हा ओढून बसवायची.

हलण्याचा हुकूम आला, त्या रविवारी सुधाकर दुकानात अण्णाला म्हणाला, "माझं काही झालं तर दोन गोष्टी करायच्या. माझ्या पगारातून घेतलेलं हे मशीन अक्काला द्यायचं. आणि अस्थी अक्काच्या हातून कावेरीत सोडायच्या."

"असं अभद्र काय बोलतोस रे?"

"शब्द दे, अण्णा."

"सरी रे, सरी. दिला शब्द."

अक्का आत स्वयंपाक करत होती. तिला सांगू नका, रडत बसेल, असं सुधाकरच म्हणाला. साक्षीला मी एकटाच होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. सीमेवर एके दुपारी शेलिंग सुरू झालं आणि पुढच्या कंपनीची लाइन गेली. वायरलेसवर आवाज आला, "लाइन डेड. लाइन पार्टी, मूव्ह. ओव्हर." सुधाकर आणि मी निघालो. उसाच्या शेताकडेला तुटलेलं टोक सापडलं. त्याने सांधा केला, टेस्ट फोन कानाला लावला आणि म्हणाला, "लाइन थ्रू." पुढचा गोळा जवळ पडला. मला खरचटलंदेखील नाही. तो जागच्या जागी गेला. संध्याकाळी तिथेच अग्नी दिला.

युद्ध थांबल्यावर सीओसाहेबांनी अस्थी आणि ट्रंक घेऊन मलाच पाठवलं. अण्णाने दारातच मला मिठी मारली. मोठ्याने रडला. अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून अस्थींचा तांब्या मागच्या फणसाला बांधला. म्हणाला, "उद्या आठला या. अक्काला घेऊन सगळेच श्रीरंगपट्टणला कावेरीवर जाऊ." मी विश्वास ठेवला आणि बराकीत जाऊन झोपलो.

सकाळी आठच्या आधीच पोहोचलो. फणसाला नुसती दोरी लोंबत होती.

अक्का चुलीपाशी होती. "अण्णा पहिल्या गाडीनं गेला," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तूच सांगितलंस म्हणे?"

"काय सांगितलं?"

"की बाईमाणसानं येऊ नये, अशी सुधाकरची इच्छा होती म्हणून."

माझं डोकं भणाणलं. अण्णाने नुसता शब्द मोडला असता तर एक वेळ चाललं असतं. त्याने खोटं बोलायला माझं तोंड वापरलं होतं, आणि ती बाई रात्रभर सुधाकरवर रुसून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, रिपोर्ट देतात तसं.

संध्याकाळी अण्णा परतला, सोबत चार नातेवाईक. मी सर्वांसमोर विचारलं.

तो वरमला नाही. "अहो, विधवा बाईच्या हातून अस्थी? लोक शेण घालतील तोंडात. आणि मशीन माझ्या दुकानाचं आहे. तेवीस वर्षांचं पोर काहीतरी बोलून गेलं, ते काय धरून बसायचं?"

"मरायला मोठा होता, मागायला लहान?"

कोणीच मान वर केली नाही. त्या चौघांना सुधाकरचं मागणं आधीपासून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

अक्का बाहेर आली आणि मशीनवरचं अर्धं शिवलेलं झंपर काढून तिने अण्णाच्या मांडीवर ठेवलं.

"शंकर, त्या बाजूनं धर. जड आहे."

"कुठं निघालीस?" अण्णा ओरडला. मागच्या गल्लीत तिच्या मैत्रिणीची एक खोली रिकामी होती. आम्ही दोघांनी मशीन तिथवर उचलून नेलं. वाटेत तिने दोनदा टेकवलं. पुढे त्याच मशीनवर तिने पोट भरलं.

आता शाळेत लढाईबद्दल बोलायला बोलावतात, तेव्हा मुलं मला विचारतात, शत्रूचा राग येतो का? नाही येत. त्याने समोरून तोफ डागली, ते त्याचं काम होतं. अण्णाला मात्र मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. कावेरीत गेलेलं परत आणता येत नाही.

लान्स नाईक सुधाकर, वय वर्षे तेवीस. देशाकडे त्याने काही मागितलं नाही. घराकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. त्यातली एकच त्याला मिळाली.