वाकड्या नळीची बंदूक

दोन हजार तीन साली मी इंग्लंडात साउथहॅम्प्टनला नवा डॉक्टर होतो. दर रविवारी कार बूट सेलला जायचो. तिथे लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकतात. एका म्हाताऱ्या गोऱ्याच्या टेबलावर मात्र विकायला काहीच नसे. हिरव्या ब्लँकेटवर लहान मुलांच्या जुन्या छऱ्याच्या बंदुका मांडून तो ताठ बसायचा. कुणी हात लावला, की लगेच रुमालाने ती जागा पुसायचा.

एकदा मी विचारलं, "ही मधली वाकडी कशी?"

"ती माझी!" तो छाती पुढे काढून म्हणाला. "नऊ वर्षांचा होतो. छरा भरायला नळी बिजागरीवर खाली मोडावी लागते. ती तशी उघडी असतानाच चाप ओढला. नळी खाडकन मिटली आणि वाकली. लोक म्हणतात, सरळ करून घ्या. का म्हणून? बाकीच्या मी नुसत्या जमवल्यात. ही मी स्वतः वाकवलीय."

मी डावा अंगठा पुढे केला. साताऱ्याला मामाच्या बंदुकीत, त्याच चुकीने चेंगरलेला. ते दुभंगलेलं नख मी पेशंटसमोर कायम झाकून ठेवायचो.

त्याने ते निरखून पाहिलं. मग रुमाल खिशात घातला आणि वाकडी बंदूक दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिली.