मॅडमचा फेरफार

स्वतः जिवंत असल्याचा पुरावा शर्टाच्या खिशात घेऊन हिंडणारा माणूस साऱ्या नागपुरात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. पेन्शनसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो सगळेच देतात. मामा त्याच्या चार झेरॉक्स जास्तीच्या काढतात. “कोणी विचारलं तर?” म्हणतात. आजवर कुणी विचारलेलं नाही. मामा तलाठी होते. जन्मभर त्यांनी सातबारे लिहिले, एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढवणारे फेरफार नोंदवले, आणि ते करता करता त्यांचा पक्का समज झाला की देवानं माणूस आधी कागदावर केला आणि मग मातीत. माझ्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या त्यांनी मला जवळ ओढलं, डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद म्हणून सांगितलं, “जवाईबापू, वाचल्याशिवाय कुठंच सही करू नका.” हे वाक्य पुढं मी हजार वेळा ऐकलं असेल. नेमकं लागलं तेव्हा विसरलो, पण ते नंतर.

या माणसानं सत्तरीला टेकल्यावर घोडी विकत घेतली. बरं, घोडी साधीसुधी नाही, आयर्लंडची! रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांनी मुलीच्या हौसेपायी ती तिकडून विमानानं आणवली होती. मुलगी शिकायला परदेशी गेली, घोडी म्हातारी झाली, आणि डॉक्टर तिला लग्नाच्या वरातीला घोडे पुरवणाऱ्या एकाला द्यायला निघाले. मामा त्यांच्या शेताचे कागद करून द्यायला गेले होते. घोडीनं त्यांच्या पिशवीत तोंड घातलं, आतली दोन संत्री सालीसकट खाल्ली आणि मामा विरघळले. मामी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पोरबाळ नाही. मामांची पिशवी उघडून बघणारं घरात कुणी राहिलं नव्हतं. सक्करदऱ्याच्या घरामागच्या मोकळ्या जागेत टिनाचं शेड उभं राहिलं आणि घोडीचं नाव पडलं मॅडम. पूर्वी तहसीलदार बाईंशी बोलत तितक्याच अदबीनं मामा तिच्याशी बोलतात. मे महिन्यात शेडला कूलर लागतो, आणि मामा डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून घरात पंख्याखाली बसतात. मी एकदा बोललो, तर म्हणाले, “आपण इथलेच हाओ, जवाईबापू. मॅडमले सवय नाई उन्हाची.”

घोडीबरोबर एक पुस्तिका आली होती. तिकडं घोड्यांना पासपोर्ट असतो, हे मला या वयात कळलं. आत आईबापाची नावं, मानेत बसवलेल्या चिपचा नंबर, लसींचे शिक्के, आणि घोडीचं एक चित्र, त्यावर तिच्या अंगावरचे केसांचे भोवरे फुल्या मारून दाखवलेले. आणि एक पान मालकाचं. त्यावर डॉक्टरांचं नाव. मामा ते पान पाहून पांढरे पडले. विक्रीची पावती खिशात होती, डॉक्टर भला माणूस होता, पण छे!

“चाळीस वर्षं हेच पाह्यलं, जवाईबापू. नाव नाई चढलं, का मंग वस्तू ज्याच्या हाती दोरी त्याची. अन उद्या मले काही झालं तर मॅडमनं कोणाकडं पाहायचं?”

त्यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, त्यामुळं मला हसता येईना. तो वरातवालाही महिन्यातून एकदा फाटकाशी स्कूटर थांबवून प्रकृतीची चौकशी करायचा. मॅडमच्या नव्हे, मामांच्या.

आयर्लंडच्या नोंदणी कचेरीशी पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला, कारण ईमेल मला येते. मामा सांगत, मी लिही. सगळ्यात आधी त्यांनी मॅडमची मोजणी केली. पुस्तिकेत भोवरे पाच, प्रत्यक्षात भरले सहा! एक डाव्या कानामागं, आयाळीखाली दडलेला. “हद्दीत फरक हाय. आधी दुरुस्ती, मंग फेरफार.” तिकडच्या बाईंनी बिचाऱ्यांनी फोटो मागवला. आता, मला घोड्यांची भीती वाटते. लहानपणापासून वाटते, त्यात लाजायचं काय? पण फोटोसाठी आयाळ मीच धरली, आणि मॅडम माझ्या कॉलरमध्ये यथासांग शिंकल्या. दोन महिन्यांनी सहावा भोवरा मंजूर झाला. मामांनी पेढे वाटले.

मग त्यांनी विचारलं, की मालकामागं वारसाची नोंद कुठल्या रकान्यात करायची? उत्तर आलं, असा रकाना नाही. मालक एकच. तो गेल्यावर पुढचा जो कोणी असेल त्यानं पुन्हा अर्ज करावा. मी ते वाचून दाखवलं. 

“मागून कोण करते बाप्पा,” मामा एवढंच म्हणाले, आणि दोन दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, आवाज एकदम खणखणीत. गेलो तर अर्ज मोत्यासारख्या अक्षरात भरून तयार. “तुमची एक सही लागते.” आधी चहा झाला. मग वाचल्याशिवाय सही केल्यानं कोणाकोणाचं कसं वाटोळं झालं यावर पाऊण तास व्याख्यान झालं. एवढ्यात मागच्या खिडकीतून मॅडमनी माझ्या मानेवर गरम श्वास सोडला. सही साक्षीदाराची असेल, असं समजून मामांचं बोट होतं तिथं मी ती ठोकली आणि पळालो. पुस्तिका आत घालून पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलं, स्वतः टपालात टाकलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर नोटीस लागली. फेरफाराला कुणाची हरकत असेल तर ती कळवायला पंधरा दिवसांची मुदत द्यावी लागते, तो नियम मामांनी मॅडमलाही लावला. माझी ऑफिसची वाट त्या फाटकावरूनच जाते. “सर्व संबंधितांस कळविण्यात येते की” इथपर्यंत मी वाचलं आणि हसत हसत ऑफिसला गेलो. रोज तसाच गेलो. बायको म्हणाली, “मामा, लोक हसून राहिले नं!”

“हसू दे वं पोरी. हरकत तर घेऊन नाई राहिले?”

वरातवाल्यानं मात्र चष्मा लावून नोटीस शेवटपर्यंत वाचली आणि तो पुन्हा आला नाही. माझ्या बायकोनंही ती पूर्ण वाचली होती, हे मला फार उशिरा कळलं.

पुस्तिका परत आली तेव्हा मामांनी ती मला उघडायला लावली. मालकाच्या पानावर डॉक्टरांचं नाव खोडलेलं होतं आणि त्याखाली माझं नाव, माझा पत्ता, पिनकोडसकट.

“मामा, तिकडून चूक झाली.”

“चूक नाई. अर्जावर सही कोणाची हाय?”

“पण मला विचारायचं तरी!”

“नोटीस पंधरा दिवस फाटकावर होती, जवाईबापू. तुमी रोज समोरून गेले. हरकत काहून नाई घेतली?”

मामांनी पुस्तिका घेऊन बाहीनं पुसली. “वारसाले जागाच नाई म्हणते ते लोक. मंग मी काय करू? तुमी मॅडमले भेता, मले ठाऊक हाय. जो भेते तो जपून वागते. म्हणून तुमचं नाव टाकलं.”

तेव्हापासून मालक मी आणि वहिवाट मामांची. रोज सकाळी सातला त्यांचा फोन येतो, “मालक, मॅडमले आज एक संत्रं जास्तीचं देऊ का?” मी “द्या” म्हणतो. सुरुवातीला वैताग यायचा. आता सातच्या फोनला पाच मिनिटं उशीर झाला की मी हातातला चहा खाली ठेवतो आणि फोनकडं बघत बसतो. एक दिवस तो वाजणार नाही, आणि संत्र्याचं मलाच ठरवावं लागेल. त्या गोष्टीला मात्र माझी हरकत आहे. ती कुठं नोंदवायची, हे एवढं सगळं शिकवणाऱ्या मामांनी मला अजून सांगितलेलं नाही.