रिकाम्या खुर्च्यांचं आरक्षण

माझ्या भाचीला वाचनालयाच्या दारातून परत पाठवलं ते एका पडद्याने. माणसाने पाठवलं असतं तर तिथल्या तिथे भांडता आलं असतं, आणि माणसं भांडणाला बऱ्यापैकी घाबरतात. पण दारातल्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, 'गैरवापरामुळे आपले खाते स्थगित करण्यात आले आहे', आणि काचेचा दरवाजा उघडलाच नाही. बाजूच्या स्टुलावर बसलेल्या वॉचमनने नुसती मान हलवली. पोरीने पिशवीतून आईचा बटणाचा फोन काढला आणि मला अंधेरीला ऑफिसात लावला.

"आत्या, गैरवापर म्हणजे मी काय केलं गं?"

आवाज रडका नव्हता. पण आपल्या हातून काहीतरी झालंच असणार, हे तिने मनातल्या मनात कबूलही करून टाकलं होतं. तिथे माझं डोकं फिरलं.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावरची माणसं. आईवडील कोकणातून आले, वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीच्या गेटवर बसले. घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी मान खाली घालून सांगत नाही. बी.कॉम. झाले, चांगल्या वर्गात झाले, आणि त्यातलं निम्मं श्रेय याच वाचनालयाच्या अभ्यासिकेचं आहे. घरात एकच खोली. कुणाला ताप आला की त्याच खोलीत, पाहुणे आले की त्याच खोलीत, भांडण झालं तरी त्याच खोलीत. अभ्यासिकेत लाकडी बाकं होती, पंखे घरघरायचे, पावसाळ्यात पुस्तकांना बुरशीचा वास यायचा. पण रिकामी जागा दिसली की बसायचं, एवढाच कायदा होता. तू कोण, कुठून आलीस, कुणी विचारत नव्हतं.

गेल्या वर्षी ते सगळं बदललं. रंग झाला, एसी आला, मऊ खुर्च्या आल्या, संगणकांची रांग लागली. दारावर मोठा फलक: डिजिटल युगाचं वाचनालय. हे वाचून कुणाला वाटेल की मला संगणकाचा राग आहे. अजिबात नाही. मी दिवसभर संगणकासमोरच बसते, त्याच्यावरच माझं घर चालतं. उलट ते बघून मला आनंद झाला होता. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ऐकायची पुस्तकं ठेवली होती. जुनी वर्तमानपत्रं पडद्यावर वाचायला मिळत होती. आणि प्रवेश परीक्षांचे सराव पेपर होते, अगदी खऱ्या परीक्षेसारखे, कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ लावलेले.

त्या पेपरांसाठीच मी भाचीला तिथे नेलं. तिला नर्स व्हायचंय. नर्सिंगची प्रवेश परीक्षा आता संगणकावर असते, आणि या मुलीने आयुष्यात माऊस हातात धरला नव्हता. शाळेत संगणकाची खोली होती, तिला कुलूप होतं. पहिल्या दिवशी वाचनालयात तिने माऊस असा पकडला होता की जणू झुरळ आहे, सोडलं की पळेल. उत्तर येत होतं, पण बाण उत्तरावर पोचेपर्यंत घड्याळ पुढे गेलेलं असायचं. मी तिच्या मागे उभी राहून बघत होते. अभ्यासात हुशार मुलगी केवळ बोटं अडखळली म्हणून नापास होईल, ही भीती मला तिथे उभ्या उभ्या शिवली. मग ती रोज जायला लागली. महिन्याभरात तिचा हात बसला. पेपर वेळेत संपायला लागला, नुकताच.

आणि परीक्षा तोंडावर आली असताना ही लाल अक्षरं.

आता गैरवापर काय झाला ते सांगते. या नव्या वाचनालयात खुर्ची हवी तर आधी फोनवरच्या ॲपवर आरक्षण करायचं. आरक्षण केलं की फोनवर ओटीपी येणार, तो घातल्याशिवाय दार उघडणार नाही. म्हणजे प्रत्येकीकडे स्वतःचा स्मार्टफोन हवा, आणि तो त्या वेळी हातात हवा. माझा भाऊ सांताक्रूझला विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, सुटी झाली की मिळतो. वहिनी पोळीभाजीची कामं करते, तिच्या फोनला बटणं आहेत. तेव्हा भाचीच्या नावापुढे मी माझा नंबर दिला.

यात मला काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्या गल्लीत असंच असतं. कुणाच्याच घरी फोन नव्हता तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याचा नंबर सगळ्या गल्लीचा नंबर होता. नोकरीच्या अर्जावर तोच, मुलीच्या स्थळासाठी तोच, पुढे कंसात 'पीपी' लिहायचं. फोन आला की वाणी दुकानातून हाक मारायचा आणि ज्याचा असेल तो धावत जायचा. पुढे घरोघरी मोबाइल आले, तरी सवय गेली नाही. वाण्याच्या जागी मी आले, इतकंच. मला इंग्रजी मेसेज कळतात, माझा फोन दिवसभर टेबलावर असतो. त्यामुळे कुणाच्या गॅसला माझा नंबर, कुणाच्या शाळेत माझा नंबर, कुणाच्या दवाखान्याच्या केसपेपरवर माझा नंबर. आईला एकदा म्हटलं की अगं, माझा नंबर असा वाटत सुटू नकोस. तर म्हणाली, "तुझो नंबर म्हणजे घरचो नंबर. तेका काय झाला?"

भाचीचं बघून गल्लीतल्या आणखी तिघीजणी माझ्याकडे आल्या. त्यांनाही कुठल्या ना कुठल्या परीक्षा होत्या. त्यांच्याही नावापुढे माझाच नंबर लागला. सकाळी त्या वाचनालयाच्या दारात उभ्या राहणार, मला फोन करणार, मी ऑफिसात चहा पिता पिता आकडे वाचून दाखवणार. शेजारच्या टेबलावरची बाई मला विचारायची, हे रोज सकाळी कसले लॉटरीचे नंबर सांगतेस गं. मी म्हणायचे, पोरींची लॉटरीच आहे.

संगणकाला मात्र ही गल्ली माहीत नव्हती. त्याला दिसलं की एका नंबरावरून रोज चार खुर्च्या धरल्या जातात. म्हणजे कुणीतरी दलाल आहे. चौघींची खाती बंद, आणि पाचवं माझंही.

मी अर्धा दिवस रजा टाकली आणि गेले. दाराबाहेरच्या केबिनमध्ये काचेआड बसलेल्या माणसाच्या टेबलावर 'डिजिटल समन्वयक' अशी पाटी होती. माझ्यापेक्षा वयाने लहान, नीटनेटका, बोलायला अतिशय सभ्य. सभ्य माणसाशी भांडायला दुप्पट ताकद लागते. मी सगळं सांगितलं, गल्लीपासून लॉकरपर्यंत. त्याने मान डोलावत ऐकलं आणि म्हणाला की मॅडम, भावना समजते, पण एका नंबरावर एकच सभासद असा नियम आहे, जास्त दिसले की सिस्टम आपोआप बंद करते. प्रत्येकीला वेगळा नंबर घ्यायला काय हरकत आहे, आजकाल फोन कुणाकडे नसतो.

"आमच्याकडे नसतो," मी म्हटलं. "आत्ता सांगितलं ना तुम्हाला."

तो हसला. मग म्हणाला की तुमचं नाव बघितलं मी, तुम्ही आमच्या जुन्या वाचक. तुमचं खातं लगेच चालू करून देतो. आणि खरं तर आम्हाला तुमच्यासारख्या लोकांचा छोटा व्हिडिओ हवाच आहे. वस्तीतून येऊन, इथे अभ्यास करून, आज कॉर्पोरेटमध्ये. खूप प्रेरणादायी आहे, मॅडम.

राग आला की लोकांचा आवाज चढतो म्हणतात. माझा गेला. काचेपलीकडे मला वाचनाची खोली दिसत होती, म्हणून मी तिकडे बघत राहिले. आणि बघता बघता लक्षात आलं की खोली अर्धी रिकामी आहे. खुर्च्यांच्या पाठीवर छोटे लाल दिवे होते आणि बहुतेक सगळे लागलेले होते. लाल म्हणजे आरक्षित. एसी चालू, संगणक चालू, दिवे चालू, आणि खुर्चीत माणूस नाही. लोकांनी आपापल्या घरात, आपापल्या फोनवर, गादीत लोळत खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. यावंसं वाटलं तर यायला. आणि आम्ही दलाल.

मी त्याला विचारलं की हे कोण बसलेत. तो म्हणाला, बुक केलंय त्यांनी. मी म्हटलं, मला बुक केलेले नाहीत, बसलेले दाखवा. त्यावर त्याने खांदे उडवले.

"माझा व्हिडिओ तुमच्या पडद्यावर चालणार आणि माझी भाची त्याच पडद्याच्या बाहेर उभी राहणार, असं ठरवलंय होय तुम्ही?"

"मॅडम, तुम्ही पर्सनली घेताय."

"घरचीच आहे ती. पर्सनलीच घेणार."

बाहेर येऊन मी वॉचमनला म्हटलं दार उघडा. त्याने समन्वयकाकडे बघितलं, समन्वयकाने माझ्याकडे, आणि बहुधा मी काय करीन याचा अंदाज न आल्यामुळे दार उघडलं. भाची जिन्यात बसून होती. तिला दंडाला धरून आत नेलं आणि लाल दिवा लागलेल्या एका संगणकासमोर बसवलं. म्हटलं, ज्याची जागा आहे तो आला की ही उठेल, तोवर उठणार नाही. समन्वयक मागून आलाच. हे नियमात बसत नाही, म्हणाला. मी म्हटलं, नियमात नसेल बसत, खुर्चीत बसली आहे ना, बास झालं.

दूरच्या टेबलावरून एकाने कानातला इअरफोन काढून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा घातला. मी तिच्या मागे उभी राहिले. तिने पेपर उघडला तेव्हा तिच्या मानेवर घाम दिसत होता, एसीत. त्या खुर्चीचा मालक काही आला नाही. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, बाकीच्या तिघींनाही घेऊन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रजेचं साहेबाला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. रोज तोच प्रकार. लाल दिव्याची खुर्ची, वर बसलेली मुलगी, शेजारी हात जोडून उभा असलेला सभ्य माणूस, आणि न आलेला मालक. शेवटी वरून कुणीतरी येऊन बघून गेलं, आणि मग आठवड्याच्या आत ठरलं की एक रांग, संगणकांसकट, आरक्षणाविना ठेवायची. ओळखपत्र दाखवायचं, जागा असेल तर बसायचं. फोन लागणार नाही. चौघींची खातीही उघडली.

मी खूश व्हायला हवं होतं. दोन दिवसांनी गेले तर त्या रांगेवर नवा फलक लागला होता, 'वॉक-इन झोन, वाचकांसाठी अभिनव उपक्रम'. खाली फुगे लावून फोटो काढून झाले होते. अभिनव म्हणे. रिकामी जागा दिसली की बसायचं, यात अभिनव काय आहे? ही गोष्ट माझ्या वडिलांना समजत होती, आणि त्यांना सही येत नव्हती. तुम्ही आमची जुनी बाकं काढून घेतलीत, त्यांच्या जागी दार लावलंत, दाराला कुलूप लावलंत, आणि आता त्यातली एक रांग परत देताना आम्ही टाळ्या वाजवायच्या. समन्वयक मला बघून पुढे आला आणि म्हणाला की मॅडम, तुमच्या फीडबॅकमुळेच हे शक्य झालं.

फीडबॅक. तीन दिवस मी तिथे ताठ उभी होते, पाय सुजले होते, त्याला हा माणूस फीडबॅक म्हणत होता.

मग मात्र माझा आवाज गेला नाही. मी तिथेच, रांगेच्या मध्यात उभी राहून त्याला विचारायला सुरुवात केली. ज्यांना भांडायला आत्या नाही त्यांनी काय करायचं. ज्या मुली लाल अक्षरं वाचून मुकाट्याने घरी गेल्या आणि परत आल्याच नाहीत, त्यांना शोधायला तुमची सिस्टम जाणार आहे का. आणि या पोरींवर गैरवापराचा शिक्का मारलात, त्याबद्दल माफी कोण मागणार आहे, की तीही ॲपवरच येणार. तो ऐकत होता, मान डोलावत होता. आणखी चिडायला एवढं पुरे होतं. मी त्या व्हिडिओच्या विषयावर यायच्या बेतात होते.

तेवढ्यात माझ्या ओढणीला हिसका बसला. भाची शेवटच्या संगणकावर बसली होती. एक हात माऊसवर, डोळे पडद्यावर, दुसऱ्या हातात माझी ओढणी. मागे वळूनही बघितलं नाही तिने.

"आत्या, जा ना तू आता. पेपर चालू आहे माझा."

कोपऱ्यातलं घड्याळ उलटं धावत होतं. बाण उत्तरावर गेला, थांबला, दाबला गेला, पुढच्या प्रश्नावर आला. समन्वयकाच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं होतं, ते पुरतं फुटायच्या आत मी बाहेर पडले. जिन्यात कुणी नव्हतं. उरलेलं सगळं मी तिथे बोलून घेतलं, एकटीच, खालच्या पायरीपर्यंत.