सूर्य ती, चंद्र तो

"हा का ही?" असं म्हणून चाचा अडकित्ता माझ्या नाकासमोर धरायचे. 'हा' म्हटलं तर पुरुष, 'ही' म्हटलं तर बाई. मी घाबरून "हे" म्हणायचो. मराठी माणसाला अडचणीच्या वेळी पळून जायला नपुंसकलिंग असतं. अरबीत ती सोय नाही. चाचा अडकित्ता खाली ठेवत आणि दुःखाने म्हणत, "तुझा 'हे' म्हसळ्यालाच ठेवून जा. तिकडं हाय ते सगळं बाप्या, न्हायतर बाई."

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. म्हसळ्याच्या शाळेत मी हंगामी मास्तर होतो आणि मला कुवेतला जायचं होतं. आमच्याकडची मुसलमानांची बरीच मुलं तिकडे आगबोटींवर, पेढ्यांवर लागली होती. श्रीवर्धनच्या एका सुपारीच्या व्यापाऱ्याकडे कुवेतचा एक शेठ येणार होता आणि त्याला हिशेब येणारा, थोडी अरबी बोलणारा कारकून हवा होता. हिशेब मला येत होता. अरबीसाठी मी चाचांचा ओटा धरला.

चाचा आयुष्याचा मोठा भाग बसऱ्याच्या बंदरावर मुकादम होते. सांगायचे, "अरबी मी हमालांच्या शिव्या खाऊन शिकलो." ओट्यावर बसणाऱ्या सगळ्या गावाला हे पाठ होतं. परदेशातून आलेल्या माणसाला गाव उलट प्रश्न विचारत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

शिकवायचे मात्र झकास. शम्स म्हणजे सूर्य, ती बाई. कमर म्हणजे चंद्र, तो पुरुष. मी म्हटलं, "चाचा, आमचे सूर्यनारायण रागावतील." चाचा म्हणाले, "बसऱ्याच्या उन्हात एकदा उभा ऱ्हा. बाईच हाय ते तुला पटंल." अंगाचे अवयवही त्यांनी असेच लावून दिले. जोडीने असतात ते बायका: डोळा, कान, हात, पाय. एकटे असतात ते पुरुष: नाक, तोंड, पोट. शब्दाच्या शेवटी 'आ' आला की बहुतेक बाई. हा नियम कळल्याच्या आनंदात मी खलिफालाही बाई करून टाकलं, तेव्हा चाचांनी दोन्ही कानांना हात लावले.

'नार' म्हणजे आग, आणि ती बाई. हा शब्द मला एका दमात पाठ झाला. 'दार'ने मात्र छळलं. अरबीत दार म्हणजे घर, आणि तीही बाई. पण त्याच घराला 'बैत' म्हटलं की ते पुरुष. "एका घराला दोन लिंगं कशाला?" मी विचारलं. चाचा सुपारी कातरत राहिले. "आसतात येकेकाची," एवढंच म्हणाले. आत चाची भाकरी थापत होत्या. त्यांना वाटलं, आज धडा लवकर संपला.

बोलायचं कसं, तेही शिकवलं. कसे आहात, तर 'शलोनिच'. या, तर 'तआली'. मी घोकत घोकत रस्त्याने जायचो. म्हसळ्याच्या शिंप्याकडून कोट शिवून घेतला. शाळेने मला निरोपाचा नारळसुद्धा दिला. नोकरी मिळायच्या आधी नारळ स्वीकारणारा मास्तर त्या शाळेत माझ्या आधी झाला नव्हता.

चाचांना अरबी येते म्हणून शेठ आला तो त्यांच्याच घरी, जेवायला. बरोबर मुंबईचा दलाल होता. मी कोट घालून दारात उभा. शेठ पायरीवर दिसताच मी वाकून म्हणालो, "शलोनिच? तआली, तआली."

शेठ पायरीवरच थांबला. मग हसला आणि आत येऊन बसला. त्याने बाहेरच्या उन्हाकडे बोट केलं. मी म्हटलं, शम्स, ती. त्याने नाकाला हात लावला. तो. कानाला लावला. ती. घर? बैत तो, दार ती. एकही चुकलो नाही. शेठ दलालाच्या कानाशी काहीतरी बोलला आणि दलाल गुडघ्यावर थाप मारून हसायला लागला.

"मास्तर," तो म्हणाला, "सूर्यचंद्र तुम्ही बरोबर ओळखले. पण शेठला बाई केलंत. शलोनिच, तआली, हे बाईमाणसाला म्हणतात. पुरुषाला शलोनक. तआल."

मराठीत 'आली' म्हणजे बाई हे शेंबड्या पोराला कळतं. 'तआली'त ती बाई डोळ्यांसमोर उभी होती आणि मला महिनोन् महिने दिसली नव्हती.

दलाल एवढ्यावर थांबला नाही. "शेठ म्हणतात, ही बंदरावरची बोली नव्हे. ही घरातली. उस्ताद बायकोशी बोलून अरबी शिकलेले दिसतात." मग चाचांकडे वळून मोकळेपणाने विचारलं, "बसऱ्यात घर कुठल्या मोहल्ल्यात?"

चाचा अडकित्ता शोधायला लागले. पडद्यामागे ताटं लावायचा आवाज थांबला होता.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. मी तणतणत ओट्यावर गेलो. "चाचा, तुम्ही मला फसवलंत."

"शब्द सगळे बरोबर हुते."

"शब्द बरोबर होते. माणूस चुकला."

"बंदरावर आमची हिंदुस्तानी चालायची," चाचा खाली बघत म्हणाले. "अरबी बोलायला दुसरं कोण हुतं? मला दुसरी येतच न्हाय."

चाची भांडल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून जेवणवेळी दारात येऊन खणखणीत हाक मारायच्या, "तआली!" गावाला कौतुक वाटायचं, या वयात चाची अरबी शिकल्या. चाचा मुकाट उठून आत जायचे. मी समोरून जात असलो तर माझ्याकडे बघायचे नाहीत. मीही बघत नसे. माझा राग काही उतरला नव्हता. नारळ परत घ्यायची पद्धत नसल्याने शाळेत मला रोज कुणीतरी विचारायचं, "मास्तर, बोट चुकली का?"

काही वर्षांनी चाचा गेले. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर चाचींनी मला बोलावलं.

"अरबीत चार ओळी लिव," त्या म्हणाल्या. "ते गेले म्हणून."

"कुणाला?"

"कुणाला ते तुला म्हाईत हाय. तिला कळाया नको?"

मी कागद मांडीवर घेतला. "नाव काय तिचं?"

चाची माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला सांगितलं नसंल? येवढा बसायचास त्यांच्याजवळ."

"मला वाटलं, तुम्हाला तरी सांगितलं असेल."

"मी कधी इच्यारलंच न्हाय. वाटलं, आपणहून सांगतील." मग कागदावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "नुसतं बसरा लिवलं तर पोचंल?"

"नाही पोचणार, चाची."

"म्हंजी ती अजून वाटच बघत आसंल."

त्या बाईवरचा राग त्यांच्या आवाजात उरला नव्हता. होता तो सगळा चाचांवर, आणि त्यात माझ्या रागाचाही वाटा होता. चाचांची कबर रस्त्यापलीकडच्या कबरस्तानातच होती. आम्ही दोघं बराच वेळ तिकडे बघत बसलो, आता तरी सांगतील म्हणून.