बाळकृष्णाची मॅकरोनी

आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाने आजवर एकदाच मॅकरोनी खाल्ली आहे, आणि ती मी केलेली होती.

या प्रकरणात त्याची काही चूक नव्हती. माझ्या बायकोची, सुनंदाचीही नव्हती. मुलीची तर नव्हतीच. घरात आम्ही तिघंच असतो, त्यामुळे उरलेला माणूस कोण हे तुम्ही ओळखलं असेलच.

झालं असं, की आमची गौरी इंदूरला शिकली आणि तिथेच एका कंपनीत मुलाखत देऊन आली. निवड झाली नाही. ती बुऱ्हाणपूरला घरी परतली तेव्हा तिचा चेहरा बघून मला राहवेना. मी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘चि. गौरीची निवड झाली नाही. सर्वांनी तिला धीर द्यावा.’ (हेतू शुद्ध होता. माझे हेतू नेहमीच शुद्ध असतात, तीच तर पंचाईत आहे!) अर्ध्या तासात जोडलेल्या हातांची रांग लागली. आमच्या ग्रुपवर काहीही आलं, कुणी गेल्याची बातमी असो की कुणाचा नवा फ्रीज, लोक आधी हात जोडतात आणि सवड मिळाली तर वाचतात. मीही तेच करतो. पण जळगावच्या आत्याने नेमकं वाचलं. तिने गौरीला फोन केला. “जाऊ दे बेटा, नोकरीचं राहू दे. आता लग्नाचंच बघू.”

त्यानंतर चार दिवस गौरी माझ्याशी बोलली नाही. म्हणजे बोलायची, पण आईमार्फत.

“आई, पप्पांना सांग पाय वर घ्या, मी झाडतेय.”

मी तिथेच, झाडूपासून वीतभर अंतरावर! सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, पाय वर घ्या!” आणि मी दोन्ही पाय वर घेऊन अपराध्यासारखा खुर्चीत बसून राहायचो.

पाचव्या दिवशी ती आईला सांगताना मी ऐकलं, “हॉस्टेलवर मूड ऑफ झाला ना, की आम्ही मॅक अँड चीज करायचो. गरम गरम, एकदम क्रीमी. ते खाल्लं की रोना-धोना बंद!”

बस. मला मार्ग दिसला. सॉरी म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. मॅकरोनी परस्पर म्हणेल!

त्याच संध्याकाळी शाळेतून येताना शनवारा बाजारातून मॅकरोनी, लोणी आणि आयुष्यात पहिल्यांदा चीज घेतलं. दुसऱ्या दिवशी रविवार. सुनंदा बुधवारा मोहल्ल्यात बहिणीकडे गेली, गौरी दार लावून खोलीत. मी मोबाइल डब्याला टेकवून ठेवला, व्हिडिओ लावला आणि कंबरेला टॉवेल खोचला.

मॅकरोनी उकडली. लोण्यावर मैदा परतला, दूध घातलं. व्हिडिओतली मुलगी म्हणाली, “आता चीज किसून घाला.” फ्रीज उघडला. समोरच स्टीलच्या डब्यात पांढरा गोळा. सुनंदाने डब्यात काढून ठेवलं वाटतं, किती व्यवस्थित बाई! असं म्हणून किसायला घेतलं, तर त्याचा भुगा व्हायला लागला. मला वाटलं, उंची चीज असंच असणार. सगळंच्या सगळं कढईत घातलं. वर मीठ आणि सढळ हाताने मिरपूड.

आणि काय सांगू, सॉस दाट व्हायला लागला! व्हिडिओतली मुलगी म्हणाली, “सॉस चमच्याच्या पाठीला चिकटला पाहिजे.” माझा पाठीला चिकटला, पोटाला चिकटला, दांड्याला चिकटला. थोड्या वेळाने मी हात काढून घेतला, तरी चमचा कढईत सरळ उभा! (क्रीमी म्हणतात ते हेच, असं वाटून मला भरून आलं.)

आता तुम्ही विचाराल, चव नाही का बघितली? नाही. आमच्या घरी नैवेद्य दाखवल्याशिवाय करणाऱ्याने चाखायचं नाही. मीठ वासावर कळतं, असं सुनंदा म्हणते. तिला कळतं. मीही वास घेतला. मिरपुडीमुळे शिंका तेवढ्या आल्या.

इतक्यात सुनंदा परतली.

“हे काय चाललंय?”

“गौरीसाठी मॅकरोनी. चाखली नाही हं! आधी नैवेद्य.”

“देवाला मॅकरोनी?” मग ती माझा चेहरा बघून म्हणाली, “दाखवा. त्यालाही कळू दे मी काय काय सोसते ते.”

मी वाटी देव्हाऱ्यासमोर ठेवली, वर तुळशीचं पान ठेवलं, पाणी फिरवलं, डोळे मिटून म्हटलं, “देवा, पोरगी बोलू दे.” डोळे उघडून पान उचलायला गेलो, तर पानाबरोबर मॅकरोनी उठली आणि मॅकरोनीबरोबर वाटीही!

ताट गौरीसमोर ठेवलं. तिने मुकाट्याने घास तोडला. हो, तोडलाच. चावला. चावतच राहिली. खारट, तिखट आणि गोड असे तिन्ही भाव तिच्या चेहऱ्यावरून ओळीने गेले.

“पप्पा,” ती म्हणाली, “ये है क्या?”

“बोलली! गौरी, तू माझ्याशी बोललीस!”

तेवढ्यात फ्रीजपाशी किंकाळी. “अहो! माझा मावा कुठंय?”

“कसला मावा?”

“उद्याच्या एकादशीचा! जिलेबीसाठी आरारूट घालून मळून ठेवला होता!”

गावोगावचे लोक मावा जिलेबी खायला आमच्या गावी येतात. त्या गावात जन्म काढलेल्या माणसाला मावा ओळखता आला नाही! शिवाय मी शाळेत विज्ञान शिकवतो. पिठूळ पदार्थ गरम दुधात शिजला की फुगून घट्ट होतो, हे मी दरवर्षी नववीच्या फळ्यावर लिहितो.

“सॉरी गं,” मी गौरीला म्हणालो. “मॅकरोनीसाठी. आणि ग्रुपवर लिहिलं त्यासाठी. तुला विचारायला हवं होतं.”

गौरीने कढई उचलली आणि उलटी केली. काहीही पडलं नाही. चमचासुद्धा नाही! मग ती जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सुनंदाही हसली. मी हसलो नाही, कारण एक प्रश्न उरला होता.

“मग माझं चीज कुठंय?”

“स्कूटरच्या डिकीत बघा,” सुनंदा म्हणाली. “तिथेच विसरता तुम्ही सगळं.”

तिथेच होतं. बुऱ्हाणपूरच्या उन्हात ते रेनकोटवर, पान्यांवर आणि गाडीच्या कागदांवर सारखं पसरलं होतं. एकदम क्रीमी!

मी ते खरवडत असताना खिशातला फोन वाजला. ग्रुपवर काहीतरी आलं होतं. चिकट अंगठ्याने मी सवयीप्रमाणे हात जोडले आणि पुन्हा खरवडायला लागलो.

वर आलो तर माय-लेकी एकाच मोबाइलवर वाकून हसत होत्या. उलट्या कढईचा फोटो होता. खाली गौरीने लिहिलं होतं, ‘पप्पांची मॅकरोनी झाली नाही. सर्वांनी त्यांना धीर द्यावा.’

आणि त्याखाली सगळ्यांत पहिले जोडलेले हात माझे होते.